शून्य विजय, सोळा पराभव: क्लीव्हलँड ब्राउन्सच्या २०१७ च्या हंगामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघू लागलेले मित्र असोत की ओहायोत नोकरीसाठी आलेली मंडळी, ब्राउन्सचा विषय निघाला की सगळ्यांच्या प्रश्नांचा रोख फिरून याच वर्षाकडे येतो. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मी या संघाचा चाहता आहे, त्यामुळे मतं माझी आहेत. आकडे मात्र जसेच्या तसे.

२०१७ मध्ये नेमकं काय झालं?

क्लीव्हलँड ब्राउन्सने एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, नियमित हंगामातले सोळाच्या सोळा सामने गमावले. पहिला १० सप्टेंबरला घरच्या मैदानावर, पिट्सबर्ग स्टीलर्सकडून २१-१८ असा. शेवटचा ३१ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये, त्याच स्टीलर्सकडून २८-२४ असा. हंगामभरात संघाने २३४ गुण मिळवले आणि ४१० दिले. एक सामना लंडनला ट्विकेनहॅमच्या मैदानावर झाला, तिथेही मिनेसोटा वायकिंग्जने ३३-१६ असं हरवलं.

आदल्या वर्षीचा हिशेब १ विजय, १५ पराभव. म्हणजे दोन वर्षांत ३२ सामने आणि विजय एकच. तो २४ डिसेंबर २०१६ ला सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध २०-१७ असा मिळाला, आणि तोसुद्धा चार्जर्सची शेवटची किक हुकली म्हणून.

असे हरणारे ब्राउन्स एकटेच का?

नाही. टॅम्पा बे बकनिअर्स १९७६ मध्ये सगळे १४ सामने हरले होते. डेट्रॉइट लायन्स २००८ मध्ये सगळे १६. पण बकनिअर्सचं ते पहिलंच वर्ष होतं, संघ नुकता जन्माला आलेला. लायन्स कोसळले. ब्राउन्सनी मात्र हा रस्ता निवडला होता. इतकं वाईट होईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण पराभव सोसायचे हे आधीच ठरलेलं होतं. म्हणून त्यांची गोष्ट मला या तिघांत सगळ्यांत वेगळी वाटते.

तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत का जात नाही?

एनएफएलला खालची श्रेणीच नाही. ३२ संघ कायमचे. उलट तळाच्या संघाला मदत मिळते. दर वसंतात कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंचा ‘ड्राफ्ट’ होतो. आयपीएलसारखी बोली तिथे लागत नाही. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि सर्वांत जास्त हरलेल्या संघाची पाळी पहिली. शिवाय या निवडी आधीच विकता येतात, पुढच्या वर्षीच्यासुद्धा. आज एक चांगला खेळाडू सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात पुढच्या दोन वर्षांतल्या तीन निवडी घ्यायच्या, हे नियमात बसतं. खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा सगळ्यांना सारखीच, त्यामुळे श्रीमंत मालक पैशाच्या जोरावर संघ उभा करू शकत नाही. स्वस्तात गुणी खेळाडू मिळवण्याचा राजमार्ग ड्राफ्टच.

ब्राउन्सची सगळी योजना या एका गोष्टीवर उभी होती.

म्हणजे ते मुद्दाम हरले?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. मैदानावर कुणीही मुद्दाम हरलं नाही, हे मी ठामपणे सांगतो. ते सामने पाहिलेल्या कुणालाही ते मान्य होईल. पण संघ असा बांधला होता की जिंकणं फार अवघड व्हावं.

२०१६ च्या जानेवारीत मालक जिमी हॅस्लम यांनी संघाची सूत्रं साशी ब्राउन यांच्याकडे दिली. ते हार्वर्डमधून शिकलेले वकील. त्यांच्या जोडीला पॉल डीपोडेस्टा आले, ज्यांची सगळी कारकीर्द बेसबॉलमध्ये आकडेवारीच्या बळावर संघ बांधण्यात गेली होती. या दोघांचं गणित सरळ होतं: कुठला तरुण खेळाडू चमकेल हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा जास्तीत जास्त निवडी गोळा करा. अनुभवी, महागडे खेळाडू जाऊ दिले. २०१७ चा ब्राउन्स संघ लीगमधला सर्वांत तरुण होता.

एक उदाहरण पुरेसं आहे. मार्च २०१७ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सना आपला क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ब्रॉक ऑसवायलर नकोसा झाला होता, पण त्याच्या कराराचे १ कोटी ६० लाख डॉलर देणं भाग होतं. ब्राउन्स म्हणाले, खेळाडू आणि पगार दोन्ही आमच्याकडे द्या, सोबत २०१८ ची दुसऱ्या फेरीतली निवड द्या. ऑसवायलरला हंगाम सुरू होण्याआधीच सोडून दिलं. थोडक्यात, पैसे मोजून एक निवड विकत घेतली. त्याच निवडीतून पुढे निक चब आला, जो कित्येक वर्षं संघाचा सर्वांत लाडका धावपटू (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) होता.

कागदावर हे हुशारीचं होतं, आणि मी ते नाकारत नाही. पण ज्या रविवारी निक चब अजून कॉलेजात होता, त्या रविवारी मैदानात उतरणाऱ्या पोरांना या व्यवहारातून काय मिळालं? काहीच नाही.

२०२२ मध्ये माजी प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांनी हरण्यासाठी उत्तेजन दिलं गेल्याचं सुचवलं होतं. लीगने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली; आरोपाला पुरावा मिळाला नाही.

क्वार्टरबॅक कोण होता? सगळा दोष त्याचा म्हणतात, खरं का?

डीशोन किझर. वय २१, नोत्र दाम विद्यापीठातून आलेला, ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत ५२ वा. सोळापैकी १५ सामन्यांची सुरुवात त्याने केली. त्याचे ११ टचडाऊन पास झाले (टचडाऊन म्हणजे चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे सहा गुण) आणि २२ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने हवेत पकडलेले पास. त्या वर्षी लीगमध्ये याहून जास्त कुणाचे नव्हते. आपण चेंडू किती वेळा गमावला आणि समोरच्याचा किती वेळा हिसकावला, या हिशेबात ब्राउन्स उणे २८ वर होते. या एका आकड्यातच हंगामाचा निम्मा निकाल आहे.

पण त्याच्या बाजूने बोलायला हवं, कारण कुणी बोलत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून खेळवलं, आणि त्याला हात धरून शिकवणारा एकही मुरलेला क्वार्टरबॅक संघात नव्हता. चुकला की बाकावर बसवायचं आणि पुढच्या आठवड्यात परत उतरवायचं, असं चाललं. पास झेलणारे भरवशाचे नाहीत. पहिल्या फेरीतून घेतलेला कोरी कोलमन दुसऱ्याच सामन्यात हात मोडून बसला. जॉश गॉर्डन दीर्घ निलंबनातून परतला तोवर डिसेंबर उजाडला होता. किझर कच्चा होता हे खरंच. त्याला पिकायला वेळ मिळाला नाही हेही तितकंच खरं. मार्च २०१८ मध्ये त्याला ग्रीन बे पॅकर्सकडे धाडलं.

चांगला क्वार्टरबॅक घेतला का नाही? संधी नव्हती?

होती, आणि दोनदा होती. जुन्या चाहत्यांचा सगळ्यांत मोठा सल हाच.

२०१६ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सकडे दुसरी निवड होती. ती त्यांनी फिलाडेल्फिया ईगल्सना विकली. ईगल्सनी कार्सन वेंट्झ घेतला. त्या सौद्यातून ब्राउन्सना जे मिळालं, त्यातलीच एक २०१७ ची बारावी निवड. तीही विकली, टेक्सन्सना. त्यांनी डीशॉन वॉटसन घेतला. ब्राउन्स शून्यावर असताना वेंट्झ आणि वॉटसन दोघेही दुखापत होईपर्यंत उत्तम खेळत होते, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले. क्लीव्हलँडमध्ये तो महिना कसा गेला असेल याची कल्पना करा.

वर २०१७ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आणखी एक प्रकार घडला. सिनसिनाटी बेंगल्सचा राखीव क्वार्टरबॅक ए. जे. मकॅरन याला घ्यायचं ठरलं, दोन्ही संघांचं एकमत झालं, आणि कागदपत्रं लीगकडे वेळेत पोहोचली नाहीत. व्यवहार रद्द. आपापल्या दालनांत हुशार असलेली माणसं एकमेकांशी नीट बोलत नसली की काय होतं, हे त्या संध्याकाळी सगळ्या देशाने पाहिलं.

प्रशिक्षकाला का काढलं नाही?

ह्यू जॅक्सन यांना मालकांनी मुद्दाम अभय दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये नोकरी गेली ती साशी ब्राउन यांची. त्यांच्या जागी जॉन डॉर्सी आले. जॅक्सन मात्र ०-१६ नंतरही राहिले. अखेर २९ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना जावं लागलं, तोवर त्यांच्या नावावर ३ विजय, ३६ पराभव आणि १ बरोबरी जमा झाली होती.

माझ्या मते जॅक्सन यांना नेमण्यातच घोळ होता. त्यांना आजचा सामना जिंकून देणारे खेळाडू हवे होते. वर बसलेल्यांना तीन वर्षांनंतरचे. प्रशिक्षकाने एक मागावं आणि व्यवस्थापनाने दुसरंच आणून द्यावं, हे दोन वर्षं चाललं. तरीही जॅक्सन यांची जबाबदारी सुटत नाही. आक्रमणाच्या चाली तेच ठरवत होते, त्यासाठी वेगळा समन्वयकही नेमलेला नव्हता, आणि अटीतटीच्या क्षणी संघ पुन्हा पुन्हा गोंधळलेला दिसायचा.

सोळापैकी किती सामने जिंकता आले असते?

सहा पराभव एका टचडाऊनच्या आतले आहेत. स्टीलर्स, इंडियानापोलिस कोल्ट्स, न्यूयॉर्क जेट्स आणि टेनेसी टायटन्स यांच्याशी प्रत्येकी तीन गुणांनी हार. टायटन्सविरुद्धचा सामना जादा वेळेत गेला आणि त्यात दोन्हीकडून मिळून एकही टचडाऊन झाला नाही, निकाल १२-९. पॅकर्सविरुद्धही जादा वेळेत हार. आणि शेवटचा पिट्सबर्गचा सामना. तिथे स्टीलर्सनी आपल्या मुख्य क्वार्टरबॅकला विश्रांती दिली होती. शेवटच्या दोन मिनिटांत, चौथ्या डाऊनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, किझर कसाबसा सुटला, त्याने अगदी मोकळ्या असलेल्या कोलमनकडे चेंडू फेकला, आणि तो कोलमनच्या हातांतून निसटला. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात तो असा.

नशीब थोडं साथीला असतं तर ३-१३ झालं असतं. संघ तेव्हाही वाईटच ठरला असता, पण हे पान कुणी वाचलं नसतं.

संघात एकही चांगला खेळाडू नव्हता का?

होते की! ड्राफ्टमधली पहिली निवड मायल्स गॅरेट पायाच्या दुखापतीमुळे पहिले चार सामने मुकला, पण एकूण ११ सामन्यांत त्याने ७ वेळा प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला लोळवलं. जो शोबर्टने १४४ टॅकल केले, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यांना पाडलं.

आणि जो थॉमस होता. त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

थॉमस लेफ्ट टॅकल, म्हणजे उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा हल्ला अडवणारा. या जागेवरच्या माणसाचं नाव सहसा चुकल्यावरच घेतलं जातं. २००७ मध्ये तो संघात आला आणि पहिल्या सामन्यापासून एकही खेळी चुकवली नाही. सलग १०,३६३ खेळ्या. प्रशिक्षक बदलले, क्वार्टरबॅक तर दरवर्षी बदलले, तो जागेवरच. २२ ऑक्टोबर २०१७ ला टायटन्सविरुद्ध त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि ती मालिका थांबली. पुढच्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला. दहा वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण प्लेऑफचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीचा, एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या संघात जाऊन विजेतेपद मिळवणं त्याला अवघड नव्हतं. तो क्लीव्हलँडमध्येच राहिला. ०-१६ आठवताना लोकांनी त्याचंही नाव घ्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

इतकं हरूनही लोक या संघाला धरून का आहेत?

कारण हा संघ एकदा त्यांच्या हातून गेला होता.

ब्राउन्स १९४६ ला सुरू झाले. पॉल ब्राउन या पहिल्या प्रशिक्षकावरूनच नाव पडलं. १९५० मध्ये एनएफएलमध्ये आले आणि पहिल्याच वर्षी विजेते ठरले. मग १९५४, १९५५ आणि १९६४. जिम ब्राउनसारखा धावपटू याच संघाचा. ज्या घरांत आजोबांनी १९६४ पाहिलंय, त्या घरांत ब्राउन्स हा पडत्या काळातला थोर संघ आहे, कायमचा हरणारा संघ नव्हे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये तेव्हाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. क्लीव्हलँड पेटून उठलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी अमेरिकन खेळांत क्वचितच घडतं ते घडलं: खेळाडू गेले, पण नाव, रंग आणि इतिहास शहराकडे राहिला. बाल्टिमोरच्या संघाचं नाव रेव्हन्स झालं, आणि १९९९ मध्ये ब्राउन्स नव्याने उभे राहिले. तीन वर्षं रविवार रिकामे घालवलेल्या लोकांना हरणारा संघसुद्धा आपलाच वाटतो. एरी सरोवराच्या काठी, हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात, डिसेंबरमध्ये ०-१३ वर असलेल्या संघासाठी माणसं येऊन उभी राहायची.

शून्याची मिरवणूक खरंच निघाली होती?

हो. ६ जानेवारी २०१८ ला, कडाक्याच्या थंडीत, स्टेडियमला फेरी घालून. वाटच अशी आखली होती की आकार शून्याचा व्हावा. हजारो लोक आले. कल्पना एका चाहत्याची, खर्च वर्गणीतून, आणि उरलेली रक्कम शहरातल्या अन्नपेढीला दिली. काही खेळाडूंना ते झोंबलं, आणि त्यांचं दुःख मला समजतं. हाडं मोडून घेऊन खेळलेल्या माणसाला आपल्या पराभवाचा उत्सव कसा बघवेल? पण लोकांचा राग खेळाडूंवर नव्हता. फलकांवरची बहुतेक टीका मालक आणि व्यवस्थापन यांनाच उद्देशून होती.

प्रशिक्षकाने तळ्यात उडी मारल्याचं ऐकलं, ते काय?

१-१५ नंतर जॅक्सन म्हणाले होते की पुन्हा असं झालं तर एरी सरोवरात उडी मारीन. १ जून २०१८ ला त्यांनी शब्द पाळला, आणि त्यानिमित्ताने मानवी तस्करीच्या बळींसाठी निधी गोळा केला.

मग पुढचा विजय कधी मिळाला?

२० सप्टेंबर २०१८, गुरुवारची रात्र, जेट्सविरुद्ध २१-१७. आधीच्या विजयानंतर ६३५ दिवसांनी. मधल्या १९ सामन्यांत १८ पराभव आणि स्टीलर्सशी एक २१-२१ बरोबरी. जेट्सविरुद्ध संघ ०-१४ ने मागे होता, क्वार्टरबॅक टायरॉड टेलर जखमी झाला आणि त्या वर्षीची पहिली निवड बेकर मेफील्ड मैदानात आला. शहरातल्या बारमध्ये एका बिअर कंपनीने कुलूप लावलेले फ्रीज ठेवले होते, विजय मिळताच उघडतील असे. त्या रात्री ते उघडले.

शेवटी योजना यशस्वी झाली का?

अर्धवट. गॅरेट, चब, डेन्झेल वॉर्ड, डेव्हिड एन्जोकू हे सगळे त्या साठवलेल्या निवडींतून आलेले. २०२० मध्ये ११-५ अशी कामगिरी करून संघ २००२ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये गेला, आणि १० जानेवारी २०२१ ला पिट्सबर्गमध्ये जाऊन स्टीलर्सना ४८-३७ असं हरवलं. २०२३ च्या हंगामात गॅरेट लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

पण क्वार्टरबॅकचा प्रश्न सुटला नाही. २०२२ मध्ये ब्राउन्सनी त्याच डीशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या आणि त्याला २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार दिला, तेही वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दावे केलेले असताना. तो निर्णय मला २०१७ च्या सोळा पराभवांपेक्षा जास्त लाजिरवाणा वाटतो. निवडी जमवायला दोन वर्षं सोळा-सोळा सामने सोसले, आणि त्या अशा उधळल्या.

साशी ब्राउन आज बाल्टिमोर रेव्हन्सचे अध्यक्ष आहेत.

त्या हंगामातला एकच सामना बघायचा असेल तर कोणता?

१० डिसेंबर २०१७, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध, क्लीव्हलँडमध्ये. सारांश बघून भागवू नका, निदान चौथा क्वार्टर पूर्ण बघा. सुरुवातीला ब्राउन्स २१-७ ने पुढे आहेत. किझरने तीन टचडाऊन पास टाकलेत, त्यातला एक गॉर्डनला, जो २०१३ नंतरचा त्याचा पहिलाच. मग पॅकर्स एक टचडाऊन भरून काढतात, ब्राउन्सनी लाथेने दूर मारलेला चेंडू (पंट) परतवून ६५ यार्ड पळतात आणि १७ सेकंद उरले असताना बरोबरी साधतात. जादा वेळेत किझरवर क्ले मॅथ्यूज धावून येतो, चेंडू उंच उडतो आणि पॅकर्सच्या हातात पडतो; दवांते ॲडम्स एक छोटा पास घेऊन पंचवीस यार्ड पळत जातो. २७-२१.

बघताना ब्राउन्सच्या बचावफळीकडे लक्ष ठेवा. संघ ०-१२ वर आहे, प्लेऑफचा प्रश्नच उरलेला नाही, तरी त्यांचा एकही माणूस चेंडूपर्यंत धावणं सोडत नाही.